बोटीतून आलेला कप

गगनबावड्याच्या पावसात फुटबॉल खेळणं अवघड. फुटबॉलच्या गोष्टी मात्र तेव्हाच रंगायच्या. कोल्हापूरचा हंगाम उन्हाळ्याबरोबर आटोपायचा, शाहू स्टेडियम शांत व्हायचं, आणि आमच्याकडे करूळ घाटातून चढणारं धुकं थेट सोप्यात शिरायचं. आबा चुलीपुढं हात शेकत बसायचे. शिकायला म्हणून ते कोल्हापूरला पेठेत राहिले आणि तालमींचं वेड घेऊन परतले. कुस्तीसाठी घुमणाऱ्या तालमींनीच तिथं फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं मी पाढ्यांच्या आधी शिकलो.

त्या काळचा चेंडू आबा हातांनी दाखवायचे. चामड्याचे शिवलेले तुकडे, आत ब्लॅडर, तोंडाशी आवळलेली नाडी. भिजला की धोंड्यासारखा जड व्हायचा आणि हेड मारताना नाडी कपाळावर आली की वळ उठायचा. "चेंडू ज्याचा, मॅच त्याची," असं त्यांचं ठाम मत.

पहिल्या विश्वचषकाची हकिकत वाचली तेव्हा हे मत पहिल्यांदा आठवलं. 30 जुलै 1930, माँटेव्हिदिओ, उरुग्वे विरुद्ध अर्जेंटिना. कोणाच्या चेंडूनं खेळायचं यावर दोघं अडून बसले. अखेर पहिला डाव अर्जेंटिनाच्या चेंडूनं, दुसरा उरुग्वेच्या. मध्यंतराला अर्जेंटिना 2-1 नं पुढं. सामना संपला तेव्हा उरुग्वे 4-2. शेवटचा गोल हेक्टर कास्त्रोचा. पोरवयात यंत्राच्या करवतीत त्याचा उजवा हात कोपरापुढं गेला होता. बेल्जियमचे पंच लांगेनुस यांनी तर सामन्याआधीच स्वतःच्या सुरक्षेची हमी मागून घेतली होती. पेठेतल्या ईर्ष्येत वाढलेल्या माणसाला यातलं काहीच परकं वाटणार नाही.

मला मात्र त्या फायनलपेक्षा तिथवरचा प्रवास अधिक मोठा वाटतो. 1924 आणि 1928 अशी दोन ऑलिंपिक सुवर्णं जिंकलेल्या उरुग्वेनं आपल्या राज्यघटनेच्या शताब्दीसाठी ही स्पर्धा मागून घेतली. देशाची लोकसंख्या आजच्या कोल्हापूर जिल्ह्याच्या जेमतेम निम्मी, तरी पाहुण्या संघांचा प्रवास आणि राहणं त्यांनी अंगावर घेतलं. एवढं करूनही युरोपातून चारच संघ निघाले. त्यातले रुमानिया, फ्रान्स आणि बेल्जियम 'कोंते वेर्दे' या एकाच बोटीनं आले. खेळाडू डेकवर धावायचे, वाकायचे, उड्या मारायचे. फिफाचे अध्यक्ष ज्यूल रिमे त्याच बोटीत होते आणि कप त्यांच्या सामानात. वाटेत रिओला ब्राझीलचा संघ चढला. रुमानियाच्या खेळाडूंना नोकरीतून रजा मिळावी म्हणून खुद्द राजा कॅरोलनं शब्द टाकल्याचं सांगतात. राजघराण्यानं खेळाला पाठबळ द्यावं, हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. एकूण तेरा संघ जमले आणि स्पर्धा उभी राहिली.

आबांची दुसरी आवडती गोष्ट 1950 ची. "आपली पोरं अनवाणी खेळायची, म्हणून ब्राझीलला जाऊ दिलं न्हाई." सांगताना त्यांचा आवाज चढायचा. ही गोष्ट देशभर सांगितली जाते आणि तिला आधारही आहे: 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू बुटांविना खेळले, दोन पेनल्टी हुकल्या आणि फ्रान्सकडून 2-1 नं हरले. पण न जाण्याचं खरं कारण पायांत नव्हतं. पात्रता गटातले बाकीचे संघ हटल्यानं आपल्याला प्रवेश मिळाला होता. स्वीडन, इटली, पॅराग्वेच्या गटात नाव पडलं होतं. प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलायला ब्राझील तयार होता. आपल्या संघटनेला ऑलिंपिकपुढं विश्वचषकाचं मोल वाटलं नाही; सरावाला वेळ नाही, निवडीवर एकमत नाही, असं म्हणत माघार घेतली. आबांच्या गोष्टीतला दोष परक्यांचा होता, त्यामुळे ती सोसायला सोपी होती. खरी हकिकत मला आजही टोचते.

2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात भरला. यजमान म्हणून आपल्याला थेट प्रवेश होता आणि संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तिन्ही सामने आपण हरलो. पण 9 ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर जीक्सन सिंगनं हेड मारला, आणि फिफाच्या विश्वचषकात भारताच्या नावावर पहिला गोल लागला.