भात्याची गाडी

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेतला एक निर्वात पंप अचानक अडकून बसला. या पंपाच्या पोटात इंग्रजी आठच्या आकड्यासारखे दोन रोटर असतात. ते एकमेकांच्या अगदी जवळून, पण एकमेकांना न शिवता उलटसुलट फिरतात. टाकीतला दाब पुरेसा उतरण्याआधीच आमच्यापैकी एकाने घाईने पंप सुरू केला. रोटर तापले, फुगले आणि कवचाला घासून जाम झाले. दुरुस्तीला आलेल्या वयस्क मेकॅनिकने झाकण उघडले आणि तो हसून म्हणाला, "साहेब, हा तर जुन्या रेसच्या गाडीचा ब्लोअर आहे. तोही असाच रुसतो."

त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. आमचा पंप टाकीतली हवा बाहेर काढतो आणि गाडीतला ब्लोअर तीच हवा इंजिनात कोंबतो. यंत्र एकच, फक्त काम उलटे. या यंत्राने १९३० च्या सुमारास एका गाडीला कीर्ती मिळवून दिली, पण तिला ज्या शर्यतीसाठी तयार केले होते ती काही जिंकू दिली नाही. एखाद्या यंत्रात 'सुधारणा' करणे म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला ही गोष्ट फार उपयोगी आहे.

लोहाराचा भाता

लोहाराची भट्टी पेटवायची तर कोळसा टाकून भागत नाही, भाता मारावा लागतो. इंजिनाचेही तसेच आहे. एक किलो पेट्रोल नीट जळण्यासाठी सुमारे १५ किलो हवा लागते. एक लिटर हवेचे वजन जेमतेम १.२ ग्रॅम असते, म्हणजे एक लिटर पेट्रोलला जवळजवळ ९,००० लिटर हवा हवी. इंजिनात जास्त पेट्रोल सोडणे सोपे आहे. अडचण असते ती त्याच्या जोडीला पुरेशी हवा आत घेण्याची.

ही हवा मिळवण्याचे तीन मार्ग आहेत. सिलिंडर मोठे किंवा जास्त घ्यायचे, इंजिन अधिक वेगाने फिरवायचे, किंवा भाता लावून हवा दाबाने आत ढकलायची. या तिसऱ्या मार्गाला सुपरचार्जिंग म्हणतात.

यासाठी वापरला गेलेला भाता मुळात गाडीसाठी जन्मलेलाच नव्हता. अमेरिकेतील इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल नावाचे गाव आहे. तेथे फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या बंधूंची लोकरीची गिरणी होती. गिरणीसाठी अधिक चांगले पाणचक्र बनवण्याच्या खटपटीत त्यांनी दोन रोटरांचे यंत्र तयार केले. पाण्यावर ते नीट चालेना, पण हाताळताना असे दिसले, की ते हवा मात्र जोरात फेकते. १८६० साली त्यांनी त्याचे पेटंट घेतले. पुढे रूट्स ब्लोअर ओतशाळांच्या भट्ट्यांना वारा घालू लागला. थोडक्यात, तो खरोखरच लोहाराचा भाता झाला.

इंजिनात हवा दाबून भरण्याची कल्पनाही जुनीच आहे. गॉटलीब डाइमलर यांच्या १८८५ च्या जर्मन पेटंटमध्ये ती आढळते. तिची खरी निकड भासली ती विमानांना. सुमारे ५,५०० मीटर उंचीवर हवेचा दाब जमिनीवरच्या निम्मा होतो आणि त्याबरोबर इंजिनाचा जोरही ओसरतो. पहिल्या महायुद्धात यावर बरेच काम झाले. त्या अनुभवाच्या बळावर १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात सुपरचार्जर लावलेल्या मर्सिडीज गाड्या आल्या. १९२३ मध्ये इटलीत मोंझा येथे फियाटच्या सुपरचार्ज केलेल्या गाडीने ग्रां प्री शर्यत जिंकली, आणि शर्यतीच्या जगात भात्याचे युग सुरू झाले.

एक कारखाना, दोन मते

इंग्लंडमधल्या बेंटली कारखान्याचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली हे मूळचे रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी केलेले अभियंते. त्यांच्या साडेचार लिटर गाडीच्या इंजिनात चार सिलिंडर होते. प्रत्येकाचा व्यास १०० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव १४० मिलिमीटर. विद्यार्थ्यांकडून वृत्तचितीच्या सूत्राने घनफळ काढून घ्यावे. चौघांचे मिळून ४,३९८ घन सेंटिमीटर येते. हे इंजिन सुमारे ११० अश्वशक्ती देत असे.

शर्यतीत टिकायचे तर एवढी शक्ती अपुरी होती. बेंटली यांचा उपाय सरळ होता. त्याच मापाचे आणखी दोन सिलिंडर जोडले, की झाले ६,५९७ घन सेंटिमीटर. या सहा सिलिंडरच्या इंजिनातून 'स्पीड सिक्स' ही सुमारे १८० अश्वशक्तीची गाडी तयार झाली. गाडी जड झाली खरी, पण इंजिनाच्या कोणत्याही भागावर अवाजवी ताण नव्हता.

टिम बर्किन या शर्यतपटूचे मत वेगळे होते. चार सिलिंडरचेच इंजिन ठेवून त्याला भाता लावावा, असा त्याचा आग्रह होता. बेंटली यांना हा विचार मुळीच पसंत नव्हता. आपल्या इंजिनाच्या रचनेशी हा खेळ आहे, असे त्यांना वाटे. पण कंपनीची आर्थिक सूत्रे वुल्फ बार्नेटो यांच्या हाती होती आणि त्यांनी परवानगी दिली. बर्किनने वेलविन गार्डन सिटीत स्वतःची कर्मशाळा थाटली. ॲम्हर्स्ट व्हिलियर्स या अभियंत्याने रूट्स पद्धतीचा ब्लोअर तयार केला आणि डोरोथी पॅजेट या श्रीमंत तरुणीने पैसा पुरवला. ल मां शर्यतीच्या नियमासाठी अशा ५० गाड्या विक्रीला काढणे भाग होते. त्याही काढल्या गेल्या.

या गाडीचा चेहरा एकदा पाहिला की विसरत नाही. ब्लोअर बसवायला इंजिनाशेजारी जागा नव्हती, म्हणून तो रेडिएटरच्याही पुढे, दोन चाकांच्या मध्ये उघड्यावर बसवला आणि इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या टोकाशी थेट जोडला. विक्रीच्या गाडीची शक्ती ११० वरून १७५ अश्वशक्तीवर गेली आणि शर्यतीच्या गाडीची २४० पर्यंत.

भात्याचा हिशेब

आता थोडे गणित करू. समजा, ब्लोअर वातावरणाच्या १.६५ पट दाबाने हवा भरतो. मग हवाही १.६५ पट जाईल का? नाही. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम लागते, हे मुलांना ठाऊक असते. दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते.

हवा सावकाश दाबत नेणारा आदर्श पंप असता, तर ३०० केल्व्हिन तापमानाची हवा सुमारे ४६ अंशांनी तापली असती. रूट्स ब्लोअर मात्र हवा आत दाबत नाही. तो हवेचे कप्पे भरून नुसते पलीकडे नेऊन सोडतो आणि पलीकडची दाबातली हवा त्या कप्प्यात उलटी घुसते. या दांडगाईपोटी, गळती अजिबात नसली तरी, तापमान सुमारे ५६ अंशांनी चढते. म्हणजे घनता वाढते १.६५ × ३०० ÷ ३५६, अर्थात सुमारे १.३९ पट. फटींतून गरम हवा मागे गळते आणि पुन्हा दाबली जाते, त्यामुळे प्रत्यक्षात तापमान आणखी चढते. बेंटलीत कार्ब्युरेटर ब्लोअरच्या आधी होते, त्यामुळे पेट्रोलही ब्लोअरमधूनच जाई. त्याच्या बाष्पीभवनाने मिश्रण काहीसे थंड होई, हा एक फायदा.

तरीही शक्ती ११० वरून १७५, म्हणजे १.५९ पट कशी झाली? साध्या इंजिनात हवा स्वतःहून शिरते आणि सिलिंडर कधीच पूर्ण भरत नाही. शिवाय वरच्या पोकळीत जळका वायू उरतो. भाता या दोन्ही उणिवा भरून काढतो.

अर्थात भाता फुकट चालत नाही. ३,५०० फेऱ्यांना हे इंजिन दर सेकंदाला बाहेरची सुमारे ०.१८ घनमीटर हवा घेते, असे धरू. दाबातला फरक ६५,००० पास्कल. दोहोंचा गुणाकार सुमारे १२ किलोवॅट, म्हणजे १६ अश्वशक्ती. गळती आणि घर्षण यांत धरलेले नाही.

आता दोन्ही उपायांची तुलना करा. एकूण शक्ती जवळजवळ सारखीच, १८० आणि १७५. पण स्पीड सिक्समध्ये प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला ३० अश्वशक्ती येते, तर ब्लोअरच्या गाडीत ४४. तेवढ्याच आकाराच्या दट्ट्याला, झडपेला आणि बेअरिंगला सुमारे दीडपट भार आणि दीडपट उष्णता सोसावी लागते. बेंटली यांच्या नापसंतीमागचे कारण या एका भागाकारात आहे.

ल मां, १९३०

फ्रान्समधल्या ल मां येथे तेव्हा सुमारे १६ किलोमीटरच्या मार्गावर गाड्या सलग २४ तास धावत. जून १९३० मध्ये बेंटलींसमोर रुडॉल्फ काराचिओला यांची सुपरचार्ज केलेली, सात लिटरची बलाढ्य मर्सिडीज होती. तिचा भाता सतत चालत नसे. चालकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, तरच तो जोडला जाई. बेंटलीचा भाता मात्र इंजिनाबरोबर अखंड फिरत असे.

सुरुवातीच्या फेऱ्यांतच बर्किनने मर्सिडीजला गाठले. मागच्या टायरचा रबर सुटून उडत असतानाही त्याने तिला ओलांडले. हा प्रसंग शर्यतींच्या इतिहासात अजून सांगितला जातो. पुढे रात्री मर्सिडीज बंद पडली. पण भात्याच्या दोन्ही बेंटलीही शेवटपर्यंत टिकल्या नाहीत. पहिली आणि दुसरी आली ती बेंटली यांची भात्याविना चालणारी स्पीड सिक्स. विजेत्या गाडीने २४ तासांत सुमारे २,९३० किलोमीटर अंतर कापले. तिच्या दोन चालकांपैकी एक होते वुल्फ बार्नेटो, म्हणजे भात्याला परवानगी देणारेच गृहस्थ!

म्हणून भाता वाया गेला, असे म्हणणे मात्र बरोबर नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात पो येथील फ्रेंच ग्रां प्रीमध्ये बर्किन हलक्या, चपळ बुगाटी गाड्यांच्या गर्दीत दुसरा आला. १९३२ साली ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर भात्याच्याच एकआसनी गाडीने त्याने ताशी १३७.९६ मैल, म्हणजे २२२ किलोमीटर वेगाचा विक्रम केला. थोडा वेळ पराकाष्ठेचा जोर हवा असेल तर भाता उत्तम. चोवीस तास टिकायचे असेल तर तोच जोर महागात पडतो.

पुढची हकीकत फारशी सुखाची नाही. जागतिक मंदीत कंपनी बुडाली आणि १९३१ साली रोल्स-रॉइसने ती घेतली. मे १९३३ मध्ये त्रिपोलीच्या शर्यतीत एक्झॉस्टच्या तापलेल्या नळीने बर्किनचा हात भाजला. जूनमध्ये रक्तदोषाने तो गेला. त्याला मलेरियाही होता असे सांगतात. प्रतिजैविके अजून वापरात आलेली नव्हती.

जतन कशाचे?

या गाड्या आजही चालवल्या जातात आणि त्यांची निगा राखणे हा स्वतंत्र अभ्यासच आहे. आमच्या पंपाला झालेला आजार यांनाही होतो. समजा, ब्लोअरचा ॲल्युमिनियमचा रोटर २० सेंटिमीटर लांब आहे आणि तो ८० अंशांनी तापला, तर त्याची लांबी सुमारे ०.३७ मिलिमीटरने वाढते. कवचाशी फट त्याहून कमी ठेवली तर रोटर घासणार. जास्त ठेवली तर हवा गळणार, मिश्रण अधिक तापणार आणि इंजिन ठोके देऊ लागणार. रोटर एकमेकांना शिवू नयेत म्हणून त्यांना जोडणाऱ्या दातेरी चाकांची झीज तपासावी लागते. टोकाची तेलबंद सील गेली, की तेल थेट सिलिंडरात जाते आणि निळा धूर निघतो. इनलेट झडप नीट बसली नाही, तर ज्वाला मागे येऊन ब्लोअरमधले मिश्रणच पेटू शकते.

पण याहून अवघड प्रश्न वेगळाच आहे. पुढच्या काळात कित्येक साध्या साडेचार लिटर गाड्यांना हौशी मालकांनी नव्याने बनवलेले ब्लोअर लावले. त्या गाड्या खऱ्या की खोट्या? बर्किनची एकआसनी गाडी आधी चार आसनांची होती. तिचे मूळ रूप कोणते मानायचे? बेंटली कंपनीने २०१९ साली आपल्याकडची मूळ शर्यतीची एक गाडी पूर्ण सुटी करून तिचा एकेक भाग त्रिमितीय पद्धतीने मोजला आणि त्यावरून तशाच १२ नव्या गाड्या बनवायला घेतल्या. ज्या यंत्राला संस्थापकाने विरोध केला, तेच आज त्याच्या कारखान्याची ओळख होऊन बसले आहे.

आम्हाला वाटते, वर्गात ही गोष्ट सांगताना शेवटी निकाल देऊ नये. सायकलचा पंप आणावा, तोंड बोटाने दाबून हवा कोंबावी आणि नळी किती तापते ते मुलांना हात लावून पाहू द्यावे. मग वर्गाचे दोन गट करावेत, एक बेंटलींचा आणि एक बर्किनचा. दोघांनाही वरचे सर्व आकडे द्यावेत आणि शर्यत चोवीस तासांची आहे की एकाच फेरीची, हे मात्र मुलांनी विचारेपर्यंत सांगू नये.