हॅडन हॉल : एका इंग्लिश मॅनर-हाउसचा इतिहास व वास्तुरचना

प्रस्तावना

इंग्लंडच्या ग्रामीण इतिहासात मॅनर-हाउस या वास्तुप्रकाराला महत्त्वाचे स्थान आहे. मॅनर म्हणजे केवळ घर नव्हे. सरदाराची खासगी जमीन, ती वेठीने कसणारी कुळे, गावातील तंटे सोडविणारे न्यायालय आणि हिशेब ठेवणारा कारभारी या सर्वांची मिळून मॅनर ही मध्ययुगीन संस्था बनत असे. तिचे केंद्र असलेले घर म्हणजे मॅनर-हाउस होय. डर्बीशायर परगण्यात बेकवेल गावाजवळ, वाय नदीकाठच्या चुनखडीच्या उंचवट्यावर उभा असलेला हॅडन हॉल हे त्याचे ठळक उदाहरण आहे. सुमारे दोनशे वर्षे ही वास्तू ओस पडली होती आणि म्हणूनच ती मूळ स्वरूपात टिकली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे मत कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

नॉर्मन विजयानंतर, ११ व्या शतकात, हा प्रदेश विल्यम पेव्हरेल याच्या ताब्यात होता. पुढे १२ व्या शतकात विवाहसंबंधातून हॅडन व्हर्नन घराण्याकडे आले. त्याच शतकाच्या अखेरीस, पुढे राजा झालेल्या जॉनने येथे तट बांधण्याची परवानगी दिली. मात्र तटाची उंची १२ फुटांहून अधिक नसावी आणि त्यावर लढाऊ चर्या नसाव्यात, अशी अट घातली. जमीनदाराने स्वसंरक्षण करावे, पण त्याच्या घराचा किल्ला होऊ नये, हे राजसत्तेचे धोरण या अटीतून स्पष्ट होते.

व्हर्नन घराण्यातील सर जॉर्ज यांचे १५६५ मध्ये निधन झाले. त्यांची कन्या डोरोथी हिचा विवाह जॉन मॅनर्स याच्याशी झाला होता. त्यामुळे हॅडन मॅनर्स घराण्याकडे गेले आणि आजही ते याच घराण्याकडे आहे. १६४१ मध्ये या शाखेला रटलंडचे अर्लपद व १७०३ मध्ये ड्यूकपद मिळाले. त्यानंतर घराण्याचे वास्तव्य बेल्व्हर कॅसल येथे स्थिरावले आणि हॅडन हॉलमधील नित्याची वस्ती संपली.

वास्तुरचना

हॅडन हॉलची रचना दोन चौकांभोवती झाली आहे. दोन्ही चौकांच्या मध्ये १४ व्या शतकातील भोजनदालन आहे. दालनाच्या एका टोकाला उंच चौथरा असून तेथे यजमान कुटुंबाचे मेज असे. उरलेल्या भागात चाकर व आश्रित जेवत. दुसऱ्या टोकाला लाकडी पडदा व त्यामागे आडवी वाट आहे. तेथून पेयांचे कोठार, पावाचे कोठार व स्वयंपाकघर यांकडे जाता येते. एकाच छताखाली पण उंचीच्या फरकाने सामाजिक श्रेणी दर्शविणारी ही मांडणी मॅनर व्यवस्थेचे जणू दृश्यरूपच आहे.

१६ व्या शतकात या व्यवस्थेत बदल झाला. सर जॉर्ज यांनी दालनाला लागून असलेली बैठकीची खोली लाकडी तावदानांनी मढविली. त्यावर १५४५ हे वर्ष कोरलेले आहे. कुटुंब चाकरांपासून दूर, स्वतंत्र खोलीत जेवू लागले. जॉन मॅनर्सच्या काळात उभारलेली सुमारे ११० फूट लांबीची लाँग गॅलरी ही याच प्रक्रियेची पुढची पायरी होय. फेरफटका मारण्यासाठी व पाहुण्यांच्या स्वागतासाठी बांधलेल्या या दालनात भव्य खिडक्या आहेत. तेथील लाकडी नक्षीत व्हर्ननांचे रानडुकराचे मस्तक व मॅनर्सांचा मोर ही दोन्ही कुलचिन्हे एकत्र आढळतात. थोडक्यात, सामूहिक जीवनाकडून खासगी जीवनाकडे झालेली वाटचाल या वास्तूत दालनागणिक वाचता येते.

आख्यायिका आणि पुरावा

डोरोथी वडिलांचा विरोध डावलून प्रियकरासह पळून गेली, अशी कथा १९ व्या शतकात लोकप्रिय झाली. आर्थर सुलिव्हन यांची ‘हॅडन हॉल’ ही संगीतिका १८९२ मध्ये रंगभूमीवर आली. परंतु या पलायनाला समकालीन पुरावा नाही. ती ज्या पायऱ्यांवरून उतरली असे सांगितले जाते, त्या नंतरच्या काळातील मानल्या जातात. या कथेने मात्र रिकाम्या वास्तूकडे प्रवासी व चित्रकार यांना आकर्षित केले, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

वास्तूचे टिकणे : उपेक्षा की निगा ?

१८ व्या शतकात अनेक इंग्लिश जमीनदारांनी जुनी घरे पाडून अभिजात शैलीत नवी घरे बांधली. मालकांचे वास्तव्य नसल्याने हॅडन त्यातून वाचले, हे खरे. परंतु ओस पडलेले घर आपोआप टिकत नाही. १८२८ मध्ये येथील चॅपेलच्या खिडकीतील जुन्या रंगीत काचा चोरीस गेल्या, ही घटना पुरेशी बोलकी आहे. घर वापरात नसले तरी ते घराण्याच्या जमीनजुमल्याचा भाग राहिले आणि त्याचा त्याग कधीच झाला नाही.

२० व्या शतकाच्या आरंभी, पुढे नववे ड्यूक झालेल्या जॉन मॅनर्स यांनी जीर्णोद्धार हाती घेतला. चॅपेलच्या भिंतींवरील चुन्याचे थर काढल्यावर संत ख्रिस्तोफर आदींची १५ व्या शतकातील चित्रे उजेडात आली. ती पुन्हा रंगवून उजळ न करता जतन करण्यात आली. भोजनदालनाचे छत मात्र १९२० च्या दशकात ओक लाकडात नव्याने उभारावे लागले. म्हणजेच ज्या दालनाकडे मध्ययुगाचा अस्सल नमुना म्हणून पाहिले जाते, त्याचे छत अवघ्या शतकभरापूर्वीचे आहे.

निष्कर्ष

हॅडन हॉल कोणत्याही एका शतकाचा नाही. १२ व्या शतकातील तट, १४ व्या शतकातील दालन, १६ व्या शतकातील खासगी खोल्या व २० व्या शतकातील छत असे अनेक थर त्यात एकत्र नांदतात. दीर्घकालीन अनुपस्थितीमुळे ही वास्तू नव्या शैलीच्या हव्यासातून वाचली. पण ती टिकली ती सलग मालकी आणि जाणीवपूर्वक निगा यांमुळे. उपेक्षेलाच संरक्षण मानणे हा वारसा-अभ्यासातील सोयीचा गैरसमज होय. त्याचबरोबर ‘मूळ स्वरूप’ या संकल्पनेचा वापरही अधिक काटेकोरपणे व्हावयास हवा, कारण वास्तूचे ऐतिहासिक मूल्य तिच्या प्रथम बांधणीपुरते मर्यादित नसून तिच्यात साचत गेलेल्या सर्व काळांत सामावलेले असते.