खोपोलीची वीज, किहीमचा वायरमन

१९१५ साली तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील खोपोलीत टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. लोणावळ्याकडील तलावांचे पाणी घाट उतरले. वीज मात्र मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. ग्रंथांत हे सारे सापडते, वायरमन क्वचितच.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस धडकले. तालुक्यात झाडे तारांवर कोसळली, खांब आडवे झाले. अशा वेळी ‘पुरवठा बंद आहे’ या शब्दावर वायरमन विसंबत नाही. किहीममध्ये मुंबईकरांचे बंगले पुष्कळ. एखाद्या बंगल्यातील जनरेटर चुकीच्या जोडणीने चालू असला, तर त्याची वीज रोहित्रातून उलटी शिरून उच्चदाबाने तारेत येते. म्हणून प्रथम तार तपासायची, मग कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करायचे, आणि त्यानंतरच खांबावर चढायचे.