दुरुस्तीच्या टेबलावर घडलेला आवाज

लंडनच्या पश्चिमेला हॅनवेल हे उपनगर आहे. जिम मार्शल या ड्रमवादकाने १९६० साली तिथे वाद्यांचं दुकान थाटलं. ड्रमवाल्यांच्या मागोमाग गिटारवाले येऊ लागले आणि त्यांची तक्रार एकच: फेंडरचा अॅम्प्लिफायर हवा, पण अमेरिकेतून येणाऱ्या त्या यंत्राची किंमत झेपत नाही. दुकानात दुरुस्ती बघणारे केन ब्रॅन कामाला लागले. जोडीला ईएमआय कंपनीत उमेदवारी करणारा डडली क्रेव्हन हा १८ वर्षांचा मुलगा आला. नमुन्याला फेंडर बासमन घेतला, आणि १९६२ मध्ये जेटीएम ४५ उभा राहिला.

नक्कलच ती. पण संकेत वाढवणाऱ्या पहिल्याच व्हॉल्व्हपाशी, म्हणजे निर्वात नळीपाशी, तिने मूळ वाट सोडली. बासमन बनला होता बास गिटारसाठी. त्यात आरंभी १२एवाय७ हा सौम्य व्हॉल्व्ह होता. हॅनवेलकरांनी त्या जागी ईसीसी८३ बसवला. त्याचा वर्धनांक जवळजवळ १००, म्हणजे १२एवाय७ च्या दुपटीहून अधिक. ट्रान्सफॉर्मर इंग्लंडच्या बाजारात मिळाले ते घेतले. बासमनचे चार १० इंची स्पीकर मागून उघड्या खोक्यात असत. मार्शलने १२ इंची सेलेस्टियन स्पीकर चारही बाजूंनी बंद पेटीत घातले. परिणाम असा की आवाज लवकर फाटू लागला, आणि फाटतानाही भरीव राहिला. १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्सबरोबर एरिक क्लॅप्टनने केलेल्या रेकॉर्डवर याच घराण्यातला मार्शल वाजतो. रॉकचा म्हणून जो आवाज जगाने ओळखला, त्याच्या मुळाशी एका दुरुस्तीवाल्याने उपलब्ध मालातून काढलेला मार्ग आहे.

हे शक्य झालं त्याचं श्रेय फेंडर कंपनीच्या लिओ फेंडर यांनाही द्यायला हवं. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यामुळे आपलं यंत्र पुढे कोणाला तरी उघडावं लागणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जुन्या फेंडरची चॅसी बाहेर काढली की फायबरची पट्टी दिसते, तिच्यात पितळी कड्या बसवलेल्या असतात, आणि प्रत्येक रेझिस्टन्स, प्रत्येक कंडेन्सर त्या कड्यांत सोल्डर केलेला. सगळं नजरेच्या आणि हाताच्या टप्प्यात. सोल्डरिंग आयर्न तापवायचं, एक कंडेन्सर काढायचा, वेगळ्या क्षमतेचा लावायचा आणि तार छेडून ऐकायचं. छापील सर्किटच्या पट्ट्या आल्यावर ही मोकळीक बरीच कमी झाली.

फाटका आवाज हा मुळात दोष समजला जाई. व्हॉल्व्हला झेपेल त्याहून मोठा संकेत दिला की लहरींचे शेंडे कापले जातात, मात्र हे कापणं हळूहळू होतं, म्हणून कानाला ते ऊबदार वाटतं. १९५१ मध्ये मेम्फिसला ‘रॉकेट ८८’ ध्वनिमुद्रित होत असताना गिटारवादकाचा अॅम्प्लिफायर वाटेतच बिघडलेला होता. सॅम फिलिप्स यांनी स्पीकरमध्ये कागद कोंबला आणि तसंच मुद्रण केलं. १९६४ मध्ये किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हीसने तर छोट्या एल्पिको अॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला.

कंपन्याही वादकांच्या मागे धावत होत्या. व्हॉक्स एसी ३० ची तीक्ष्ण चमक देणारं ‘टॉप बूस्ट’ सर्किट आधी जास्तीची जोडणी म्हणून पाठीमागच्या पत्र्यावर बसवून दिलं जाई. नंतर ते मूळ यंत्रातच आलं.

सर्वांत सुरस हकिगत रँडल स्मिथची. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात अॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या या तरुणाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस, गिटारवादक बॅरी मेल्टनची गंमत करायची म्हणून त्याचा जेमतेम १२ वॉटचा फेंडर प्रिन्स्टन आतून बदलून टाकला. बासमनच्या धर्तीचं सर्किट, मोठे ट्रान्सफॉर्मर आणि १० इंचीच्या जागी १२ इंची जेबीएल स्पीकर. बाहेरून तोच चिमुकला डबा. कार्लोस सांताना यांनी तो वाजवला, आणि त्यांच्या तोंडून निघालेल्या ‘बूगी’ या शब्दावरून पुढे मेसा बूगी हे नाव रूढ झालं. सर्किटमध्ये वर्धनाचा आणखी एक टप्पा घालण्याची स्मिथची युक्ती पुढच्या कितीतरी कंपन्यांनी उचलली.

१९६५ मध्ये सीबीएसने फेंडर कंपनी विकत घेतली. पुढे चंदेरी पट्टीचे अॅम्प्लिफायर आले, त्यांच्या सर्किटमध्ये फेरफार झाले, आणि ते फेरफार उलटवून हे अॅम्प्लिफायर आधीच्या काळ्या पट्टीच्या मॉडेलसारखे करून घेण्याची रीतच पडली. आज संग्राहक अस्पर्श नगाला जास्त भाव देतात. त्यांची ओढ खरी आहे. मूळ ट्रान्सफॉर्मर फेकून देणं किंवा नव्या बटणासाठी चॅसीला भोक पाडणं हे नुकसानच. पण सुकलेले फिल्टर कंडेन्सर ‘मूळ’ म्हणून तसेच ठेवणं आणि दोन पिनांच्या जुन्या वायरीवर वाजवणं हा हट्ट घातक आहे. आत ४०० व्होल्ट खेळत असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये साठून राहू शकतात. कंडेन्सर बदलावेत, अर्थिंगची तीन पिनांची वायर लावावी आणि काढलेले भाग पिशवीत घालून यंत्राबरोबर जपावेत.

व्हॉल्व्ह मात्र घरी बनत नाहीत. अमेरिका आणि ब्रिटनमधले मोठे कारखाने बंद पडल्यावर जगाची भिस्त रशियातलं साराटोव्ह, स्लोव्हाकिया आणि चीन यांच्यावर आली. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर बंधनं घातली तेव्हा गिटारवाल्यांची धांदल उडाली. भारतातही बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१ पासून व्हॉल्व्ह बनत. ईसीसी८३ आणि ईएल८४ सुद्धा. ते आज परदेशातले अॅम्प्लिफायरवाले शोधत असतात. पुण्या-मुंबईतल्या किंवा तालुक्याच्या गावातल्या एखाद्या बंद पडलेल्या रेडिओच्या दुकानात ‘बीईएल’ छापलेली अशी खोकी आढळली, तर ती भंगारात घालू नका. आधी एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्या.