कवठाची लॅटिन नामे : रूप आणि अर्थ

कवठे महांकाळ (जि. सांगली) या ग्रामनामाच्या आद्य पदात ‘कवठ’ हे वृक्षनाम दिसते. त्याचे मूळ संस्कृत ‘कपित्थ’. कपित्थाष्टक चूर्णात त्याचेच फळ योजतात. पोर्तुगीज वनस्पतिशास्त्रज्ञ कोरेया याने १८०० साली या वृक्षास ‘फेरोनिया एलिफांटम’ असे नाव दिले. फेरोनिया ही प्राचीन इटलीतील देवता. तिच्या स्त्रीलिंगी नामापुढील ‘एलिफांटम’ हे नपुंसकलिंगी विशेषण भासते. वस्तुतः ते ‘एलिफास’ (हत्ती) या नामाचे षष्ठीचे बहुवचन होय. अर्थ, ‘हत्तींची फेरोनिया’. संस्कृतातील गजभुक्तकपित्थन्यायाचे येथे सहज स्मरण होते.

आज ग्राह्य असलेले ‘लिमोनिया अॅसिडिसिमा’ हे नाव लिनीअसचे, १७६२ सालचे. त्यातील उत्तरपद ‘अॅसिडस’ (आंबट) या विशेषणाचे तमभावदर्शक स्त्रीलिंगी रूप असून ते पूर्वपदाशी लिंगवचनाने जुळते. तथापि, रूपसिद्धीने औषधीची ओळख पटतेच असे नाही. हूकरच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’च्या पहिल्या खंडात (१८७२-७५) कवठ फेरोनियाखाली आहे, ‘लिमोनिया अॅसिडिसिमा’ हे नाव मात्र तेथे भिन्न वृक्षास, आजच्या ‘नारिंगी क्रेनुलाटा’स, लावलेले आहे. म्हणून जुन्या ग्रंथातील हे नाव वर्णनाशी ताडून पाहिल्यावाचून त्याचा अर्थ ‘कपित्थ’ असा करणे युक्त नव्हे.