डेरेक सँडरसन : आठ सामने, दहा लाख डॉलर आणि एका खेळाडूची घसरण

बोस्टन येथे 10 मे 1970 रोजी टिपलेले एक छायाचित्र आइस हॉकीच्या इतिहासातील सर्वांत परिचित छायाचित्रांपैकी एक मानले जाते. बोस्टन ब्रुइन्स संघाचे बॉबी ऑर विजयी गोल करून हवेत आडवे झेपावलेले त्यात दिसतात. सेंट लुईस ब्लूजविरुद्धच्या त्या सामन्यात अतिरिक्त वेळेतील अवघ्या 40 सेकंदांत झालेल्या या गोलाने ब्रुइन्सला 29 वर्षांनंतर स्टॅनले चषक मिळवून दिला. गोलच्या मागील बाजूने ऑर यांना अचूक पास देणाऱ्या खेळाडूचे नाव मात्र या छायाचित्राच्या संदर्भात क्वचितच घेतले जाते. ते खेळाडू म्हणजे डेरेक सँडरसन. त्यानंतर दोनच वर्षांनी जगातील सर्वाधिक मानधन घेणारा खेळाडू म्हणून त्यांचे नाव वृत्तपत्रांतून झळकले आणि त्याच दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील बाकावर रात्र काढण्याची वेळ त्यांच्यावर आली.

सँडरसन यांचा जन्म 16 जून 1946 रोजी कॅनडातील ऑन्टारियो प्रांतातील नायगारा फॉल्स येथे झाला. नॅशनल हॉकी लीगमधील 1967-68 च्या पहिल्याच पूर्ण हंगामात त्यांनी 24 गोल केले आणि सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडूसाठीचा काल्डर चषक पटकावला. आदल्या वर्षी हाच मान ऑर यांना मिळाला होता.

त्यांचे खरे मोल मात्र गोलसंख्येतून कळत नाही. आइस हॉकीत प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह सहा खेळाडू बर्फावर असतात. नियमभंग करणाऱ्या खेळाडूला साधारणपणे दोन मिनिटे बाहेर बसवले जाते आणि तेवढा वेळ त्याच्या संघाला एक खेळाडू कमी घेऊन लढावे लागते. ही दोन मिनिटे निभावून नेणे, हे काम कष्टाचे आणि बिनवाहवाचे. प्रतिस्पर्ध्याची वाट अडवायची, पक आपल्या हद्दीबाहेर फेकायचा, पुन्हा मागे धावायचे. एड वेस्टफॉल यांच्या जोडीने सँडरसन या कामात निष्णात मानले जात. एक खेळाडू कमी असतानाही समोरच्या संघावर गोल चढवण्याची त्यांची धमक प्रतिस्पर्ध्यांना अस्वस्थ करी. दोन संघांमध्ये पक टाकून खेळ सुरू करण्याच्या क्षणी तो जिंकून घेण्यातही त्यांचा हातखंडा होता.

प्रसिद्धी मिळाली ती मात्र वेगळ्याच गोष्टींना. आखूड केसांच्या, घोटीव शिस्तीच्या त्या काळातील हॉकीत सँडरसन लांब केस आणि भरघोस मिशा राखून वावरत. संघव्यवस्थापनापासून प्रतिस्पर्ध्यांपर्यंत कोणाविषयीही ते मोकळेपणाने बोलत. अमेरिकन फुटबॉलमधील तारा जो नेमथ यांच्याशी निगडित ‘बॅचलर्स थ्री’ या नाइट क्लबच्या बोस्टनमधील शाखेत त्यांची भागीदारी होती. दूरचित्रवाणीवरील गप्पांचे कार्यक्रम, रोल्स-रॉइस मोटार, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या मैफली यांचे वर्णन वृत्तपत्रे चवीने छापत. बर्फावर संघासाठी स्वतःला झिजवणारा खेळाडू आणि वृत्तपत्रांतील हा छानछोकीचा नायक ही एकच व्यक्ती होती. बाजारात भाव आला तो दुसऱ्या रूपाला, हे येथे नोंदवायला हवे.

तो भाव 1972 मध्ये ठरला. ब्रुइन्सने त्या वर्षी न्यूयॉर्क रेंजर्सला हरवून पुन्हा स्टॅनले चषक जिंकला होता. त्याच उन्हाळ्यात वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही प्रतिस्पर्धी लीग उभी राहत होती. नॅशनल हॉकी लीगमधील खेळाडू करारातील जाचक अटींमुळे आपल्या क्लबशी जखडलेले असत आणि मानधनाची घासाघीस करायला त्यांना फारसा वाव नसे. नव्या लीगने हीच कोंडी फोडायचे ठरवले आणि नामवंतांपुढे पैसा ओतला. विनिपेग जेट्सने बॉबी हल यांना करारबद्ध केले, तर फिलाडेल्फिया ब्लेझर्स या नवजात संघाने सँडरसन यांच्याशी 26 लाख 50 हजार डॉलरचा करार केला. ते तेव्हा 26 वर्षांचे होते. वेस्टफॉलही त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्क आयलँडर्स या नव्या संघाकडे गेले. बोस्टनची ती जोडी अशी एकाच वेळी दोन्ही टोकांनी सुटली.

ब्लेझर्सचा घरच्या मैदानावरील पहिला सामना होऊच शकला नाही. बर्फ गुळगुळीत करणाऱ्या यंत्राच्या भाराने पृष्ठभागच तडकला आणि सामना रद्द करावा लागला. प्रेक्षकांना स्मरणभेट म्हणून पक वाटण्यात आले होते. चिडलेल्या प्रेक्षकांनी त्यांचाच मारा सुरू केला. दुखापतीमुळे त्या दिवशी न खेळणारे सँडरसन हाती ध्वनिक्षेपक घेऊन बर्फावर दिलगिरी व्यक्त करायला उतरले, तेव्हा त्यांच्याही दिशेने पक भिरकावले गेले.

पुढे एका सामन्यात बर्फावर पडलेल्या कचऱ्यावरून घसरून त्यांच्या पाठीला दुखापत झाली. ब्लेझर्सकडून ते एकूण आठ सामने खेळले आणि तीन गोल करू शकले. न खेळणाऱ्या ताऱ्याचा खर्च क्लबला पेलवेना. अखेर दहा लाख डॉलर देऊन करार मोडीत काढण्यात आला आणि त्याच हंगामात सँडरसन बोस्टनला परतले. सरासरी काढल्यास प्रत्येक सामन्यामागे सव्वा लाख डॉलर पडले. त्या काळच्या हॉकीत अनेकांची पूर्ण वर्षाची कमाईही एवढी नसे.

येथून पुढची कहाणी सहसा पैसा आणि चैन या दोनच शब्दांत सांगितली जाते. ती तेवढी सोपी नाही. मोठ्या आतड्याच्या दाहाच्या विकारावर सँडरसन यांना स्टेरॉइड औषधे घ्यावी लागत होती. या औषधांचा दीर्घ वापर आणि अतिमद्यपान या दोन्हींमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि हाड आतून मरत जाते. सँडरसन यांच्या बाबतीत हेच झाले. शरीर दुखत होते म्हणून दारू वाढली आणि दारूमुळे शरीर आणखी खचले. त्यात अमली पदार्थांची भर पडली. रिकामा वेळ आणि हाताशी पैसा, या दोन्ही गोष्टी फिलाडेल्फियाने त्यांना एकदमच दिल्या होत्या. ज्या प्रसंगी खेळाडूला दिनक्रमाची आणि उपचाराची सर्वाधिक गरज असते, त्याच प्रसंगी त्यांना विचारणारे कोणी उरले नव्हते.

तरीही ही घसरण सरळ रेषेत झाली नाही. ब्रुइन्सने 1974 मध्ये त्यांना न्यूयॉर्क रेंजर्सकडे धाडले. तेथून ते सेंट लुईसला गेले आणि 1975-76 च्या हंगामात 24 गोल व 43 गोलसाहाय्य अशी 67 गुणांची कामगिरी केली. गुणांचा हिशेब पाहता हा त्यांचा सर्वोत्तम हंगाम होय. बोस्टनमधील ऐन बहरातही त्यांनी एवढे गुण मिळवले नव्हते. हात आणि डोके शाबूत होते. पाय साथ देईनासे झाले होते. नंतर व्हँकुव्हर कनक्स आणि पिट्सबर्ग पेंग्विन्स यांच्याकडून थोडेफार खेळून वयाच्या बत्तिशीच्या उंबरठ्यावर, 1978 मध्ये, त्यांची नॅशनल हॉकी लीगमधील कारकीर्द संपली. या लीगमधील 598 सामन्यांत त्यांनी 202 गोल आणि 250 गोलसाहाय्य नोंदवले.

निवृत्तीनंतर पैसा फसलेल्या गुंतवणुकींत आणि व्यसनांत संपला. कुबड्यांवर चालणाऱ्या सँडरसन यांच्यावर खुब्याच्या अनेक शस्त्रक्रिया झाल्या. या काळात ज्यांनी त्यांना उपचारांपर्यंत नेले, त्यांत 1970 चा तो पास गोलात घालणारे बॉबी ऑर होते. 1980 च्या सुमारास सँडरसन यांनी दारू सोडली. त्यानंतर शाळाशाळांतून विद्यार्थ्यांपुढे ते व्यसनांविषयी बोलू लागले आणि ब्रुइन्सच्या सामन्यांचे दूरचित्रवाणी समालोचक म्हणूनही त्यांनी बरीच वर्षे काम केले.

पुढे बोस्टनमधील वित्तक्षेत्रात शिरून त्यांनी व्यावसायिक खेळाडूंना पैसा सांभाळण्याचा सल्ला देण्याचे काम पत्करले. आपल्या सर्व चुकांची कबुली देणारे त्यांचे आत्मचरित्र 2012 मध्ये प्रसिद्ध झाले.