मरालिंगा : ओसाड केलेली जमीन

मरालिंगा म्हणजे गडगडाट. पण हे नाव तिथल्या माणसांनी ठेवलेलं नाही. ऑस्ट्रेलियाच्या पार उत्तर टोकाच्या एका मेलेल्या भाषेतला शब्द साहेबांनी उचलला आणि दक्षिणेच्या वाळवंटाला चिकटवला. तिथल्या अनांगू लोकांना नाव विचारलं नाही, जमीनही विचारली नाही.

दोस्तहो, मी नकाशा घेऊन बसलो. अ‍ॅडलेडपासून वायव्येला सुमारे 800 किलोमीटर. खाली नलारबॉरचं उघडंबोडकं चुनखडीचं पठार, वर लाल वाळू नि खुरटी झुडपं. ब्रिटिश सरकारनं अणुबाँबसाठी ही जागा निवडली, कारण म्हणे ती ओसाड. हा शब्द मला झोंबतो. ही जमीन ओसाड नव्हती, ती ओसाड केली गेली.

कशी, ते बघा. पठाराच्या काठाला ऊलडिआ इथं वाळूखाली गोडं पाणी होतं. लांबलांबून माणसं तिथं जमायची. देवाणघेवाण व्हायची, विधी व्हायचे. 1917 ला तिथून रेल्वे गेली. इंजिनांसाठी ते पाणी इतकं उपसलं, की 1926 पर्यंत ते पुरेनासं झालं. पुढं मिशन आलं, तेही 1952 ला बंद पडलं, आणि लोकांना दक्षिणेला किनाऱ्याकडं यालाटाला नेऊन टाकलं. लाल वाळूतली माणसं करड्या मातीत!

मग 1953 ला जवळच्या इमू फील्डवर दोन स्फोट. 1956 आणि 1957 मिळून मरालिंगाला सात. एवढ्या मुलखात माणसं शोधून बाजूला काढायला गस्तीचे अधिकारी किती? आधी एक, नंतर दोन. पाट्या लावल्या त्या इंग्रजीत. मे 1957 मध्ये एक कुटुंब मारकूच्या स्फोटाच्या खड्ड्याजवळ मुक्कामाला सापडलं. बाई गरोदर. सोजिरांनी त्यांना अंघोळी घातल्या, त्यांची कुत्री गोळ्या घालून मारली, आणि त्यांना यालाटाला धाडलं. बाईचं मूल मेलेलंच जन्मलं.

पण खरं विष मोठ्या स्फोटांत नव्हतं. 1963 पर्यंत ‘किरकोळ चाचण्या’ चालल्या. किरकोळ! तरानाकी इथं सुमारे 22 किलो प्लुटोनियम स्फोटकांनी उडवून वाळूवर पसरलं. प्लुटोनियम अंगावर पडून फार काही करत नाही. त्याची धूळ श्वासातून छातीत गेली की बसते. कापसाच्या धुळीत उभं राहणाऱ्याला हे फोड करून सांगायला नको. ते निम्मं व्हायला 24,000 वर्षं लागतात.

1967 ला इंग्रजांनी वरवर नांगरलं, माती उलटीपालटी केली, आणि साफ झालं म्हणाले. 1984 ला मोजलं तर कितीतरी जास्त निघालं. त्याच साली नेमलेल्या शाही आयोगानं लंडनला जाऊन बैठका घेतल्या, सगळं उघडं पाडलं. 1994 ला 1 कोटी 35 लाख डॉलर भरपाई. 1995 ते 2000 वरची माती खरवडून खंदकांत पुरली. आजूबाजूची जमीन 1984 च्या कायद्यानं परत मिळाली होती, चाचण्यांचा तुकडा 2009 ला मिळाला.

तरानाकीभोवती आता खांब आहेत. त्यांवरच्या पाट्या या खेपेला लोकांच्या भाषेत आहेत : कुका पाल्या, ङुरा विया. शिकार चालेल, वस्ती नाही.